इसब, नायटा आणि गोव्याची भुकटी

वाचकहो, खाज हा विषय चारचौघांत काढण्यासारखा नाही, असे आपण धरून चालतो. ताप आला, खोकला झाला, तर माणूस ओटीवर बसून सांगतो. खाज सुटली तर आडोशाला जाऊन खाजवतो. म्हणूनच की काय, लढायांचा आणि तहांचा इतिहास आपण शाळेत शिकवतो, पण ज्या दुखण्याने घरोघर रात्रीची झोप मोडली त्याचा इतिहास कोणी सांगत नाही. मी इतिहासाचा मास्तर, वैद्य नव्हे. तरी आज तुमच्यापुढे हाच विषय घेऊन आलो आहे. त्याला एक घरगुती कारण आहे, ते पुढे येईलच.

आधी नावांचा घोळ मिटवू. आपल्याकडे अंगावर खाजरे काही उठले की कोणी त्याला नायटा म्हणतो, कोणी गजकर्ण, कोणी खरूज, कोणी इसब. आणि बहुधा एकाच डबीतले औषध सगळ्यांना लावतो. वास्तविक ही तीन वेगळी दुखणी आहेत. नायटा किंवा गजकर्ण हे बुरशीचे काम. गोल चट्टा, कडेला उठाव, मध्ये त्यामानाने साफ, आणि दिवसेंदिवस पसरत जाणारा. खरूज हे एका अतिसूक्ष्म किड्याचे काम. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला खाज, रात्री अधिक, आणि बघता बघता घरातल्या सगळ्यांना. ही दोन्ही एकापासून दुसऱ्याला लागतात. इसबाचे तसे नाही. लहानपणी गालावर, पुढे कोपराच्या खळगीत आणि गुडघ्यामागच्या लवणीत कातडी कोरडी, जाड, लाल किंवा काळसर होते. खाजवले की लस येते, लस वाळली की खपली धरते. घरात कोणाला दमा असतो, कोणाला सकाळी उठल्यावर शिंकांची सर लागते. हे दुखणे शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने, एका तांब्याने पाणी प्यायल्याने कधीही लागत नाही. शिक्षक बंधुभगिनींनी एवढे एक वाक्य मनाशी धरले तरी माझे आजचे काम अर्धे झाले.

हा घोळ आजकालचा नाही, फार जुना आहे. चरकसंहितेत त्वचेच्या बहुतेक रोगांना ‘कुष्ठ’ या एकाच छत्राखाली घातले आहे. सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे, मिळून अठरा. दद्रू म्हणजे आपला नायटा त्यातच, पामा त्यातच, आणि विचर्चिकाही त्यातच. खाज, काळसर पुटकुळ्या आणि पुष्कळ स्राव हे विचर्चिकेचे वर्णन वाचले की आजचे वैद्य तिची इसबाशी गाठ घालतात. जुन्या वैद्यांना हे प्रकार वेगळे दिसत होते, ही मोठीच गोष्ट. पण लोकव्यवहारात बारकावे मागे पडले आणि ‘कुष्ठ’ हा शब्द तेवढा उरला. मग साध्या इसबाच्या पोरालाही लोक महारोग्यासारखे दूर बसवू लागले. कुष्ठावर श्रेष्ठ म्हणून चरकाने सांगितलेले झाड कोणते, तर खैर! चिपळूण-खेडकडे ज्याचा कात काढतात, तोच.

आता कोकणाकडे वळू. आमच्या लहानपणी घराघरांत जे औषध असे ते रानातले किंवा परसातले. नायट्यावर टाकळ्याचे बी लिंबाच्या रसात वाटून लावत. हाच टाकळा पहिल्या पावसानंतर आपण भाजी म्हणूनही खातो. संस्कृतात त्याचे नावच मुळी ‘दद्रुघ्न’, म्हणजे नायट्याचा नाश करणारा. करंजेल होते, उंडेल होते, खोबरेल तर होतेच. आणि कोकमाचे तेल, म्हणजे मुठेल. कोकमाच्या बिया वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेला स्निग्ध थर काढून घ्यायचा, तो थिजला की मुठीने वळून गोळे करायचे. थंडीत ओठ उलले, टाचा भेगाळल्या की चुलीवर जरासा वितळवून लावायचा. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने आपल्या भिरंडाच्या फळाची नोंद केली आहे, आणि १८७४ साली लंडनला फ्लुकिगर व हॅनबरी या दोघा औषधतज्ज्ञांनी काढलेल्या जाडजूड ग्रंथात कोकमाच्या तेलाला स्वतंत्र जागा मिळाली आहे. आमच्या आजीला यातले काही ठाऊक नव्हते. तिचा मुठेलाचा गोळा फळीवर करवंटीत असे.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक उपाय मोठ्या श्रद्धेने करत, अजूनही करतात. तो म्हणजे उन्हाळी. राजापूरजवळचे उन्हाळे, संगमेश्वर तालुक्यातील आरवली, तुरळ, राजवाडी, दापोलीकडचे उन्हवरे येथे जमिनीतून कढत पाणी येते, त्याला गंधकाचा वास असतो. त्वचेच्या रोगावर गंधक हे जुनेच औषध. खरजेच्या किड्यावर ते खरोखर चालते, आणि गंधकाचे मलम पुढेही डॉक्टर लोक देत आले. पण इसबाच्या माणसाने कढत पाण्यात तासभर बसणे म्हणजे आगीत तेल. पाण्यात असेतोवर बरे वाटते, बाहेर आला की कातडी आणखी कोरडी आणि खाज दुप्पट. श्रद्धेला मी हात लावत नाही. पाणी कोमट होऊ द्या, एवढेच म्हणतो.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत रसाळ वाटली ती गोव्याच्या भुकटीची हकीकत. ती जरा सविस्तर सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत ‘गोवा पावडर’ नावाची एक पिवळसर-तपकिरी भुकटी मिळू लागली. नायट्यावर ती रामबाण, अशी तिची ख्याती. पोर्तुगीजांच्या गोव्यातून येते म्हणून नाव गोव्याचे. पण ती मुळात कशाची, कुठून येते, हे मुंबईच्या औषधवाल्यांनाही नीट ठाऊक नव्हते. १८६४ साली मुंबईचे औषधविक्रेते केम्प यांनी तिच्याकडे जाणकारांचे लक्ष वेधले. पुढे १८७४ मध्ये कलकत्त्याला नाव मिळवलेले डॉक्टर जोसेफ फेअरर यांनी या भुकटीने नायटा बरा होतो असे विलायतेतील वैद्यकीय पत्रात लिहिले. तो लेख सातासमुद्रापार ब्राझीलमधील बाहिया शहरी डॉक्टर दा सिल्वा लिमा यांच्या वाचनात आला, आणि त्यांनी १८७५ मध्ये कळवले की, अहो, ही तर आमच्याकडची अरारोबा! ब्राझीलच्या रानात एक उंच झाड असते, त्याच्या खोडातील भेगांत आणि पोकळीत ही भुकटी साठते. पोर्तुगीजांचे एक ठाणे ब्राझीलला, दुसरे गोव्याला. त्या वाटेने ब्राझीलचे औषध गोव्यात आले, गोव्याचे नाव घेऊन मुंबईत आले, आणि मुंबईहून लंडनला गेले. काजू, मिरची, अननस, पेरू ज्या दर्यावर्दी वाटेने आपल्याकडे आले, त्याच वाटेची ही धाकटी बहीण म्हणा ना!

त्याच वर्षी लंडनच्या अॅटफिल्ड यांनी भुकटीचे पृथक्करण करून क्रायसोफॅनिक आम्ल सापडल्याचे सांगितले. १८७८ मध्ये लीबरमान व सायडलर या जर्मन रसायनज्ञांनी दुरुस्ती केली, की मूळ द्रव्य त्याच घराण्यातले पण वेगळे आहे. त्याला क्रायसारोबिन हे नाव मिळाले. आता मौज अशी की, आपल्या टाकळ्यातही क्रायसोफॅनिक आम्ल असते. म्हणजे ब्राझीलच्या रानातले झाड आणि पहिल्या पावसात आपल्या बांधावर उगवणारा टाकळा, दोघांचा गुण एकाच घराण्यातला निघाला. कोकणच्या बायकांनी आणि बाहियाच्या लोकांनी एकमेकांना न विचारता तो ओळखला होता.

लंडनमध्ये बाल्मानो स्क्वायर या डॉक्टरांनी याच औषधाचे मलम सोरायसिस या खवल्यांच्या रोगावर वापरून पाहिले, आणि ते लागू पडले. पहिल्या महायुद्धात जर्मनीला ब्राझीलचा माल मिळेना, तेव्हा १९१६ मध्ये तेथे कारखान्यात त्याचा नातलग तयार झाला. त्याचे नाव डिथ्रॅनॉल. सोरायसिसवर तो नंतर दशकानुदशके वापरात राहिला. गोव्याच्या भुकटीचा वंश असा जगभर पसरला.

पण याच भुकटीने इसबाच्या रोग्यांचे काय केले असेल? ही भुकटी दाहक. कपड्यांना डाग पडतात, डोळ्यांत गेली तर डोळे सुजतात, नाजूक कातडी सोलपटून निघते. नायट्याला जे औषध, ते इसबाला चटका. खाज एकच म्हणून औषध एकच, या समजुतीने किती पोरांचे गाल भाजून निघाले असतील, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. ठेवणार तरी कोण?

ही समजूत मोडायला युरोपातही वेळच लागला. १८३४ मध्ये पॅरिसला रेनुची नावाच्या कॉर्सिकाच्या विद्यार्थ्याने सुईच्या टोकावर खरजेचा किडा काढून गुरुजनांना दाखवला. १८४० नंतरच्या थोड्या वर्षांत ग्रुबी याने तेथेच डोक्याच्या नायट्यातली बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. असे दोघे आरोपी सापडले, आणि इसब मागे उरले. त्याचा ना किडा सापडला, ना बुरशी. १८९२ मध्ये बेनिए या फ्रेंच वैद्याने नोंदवले की या खाजेचा दम्याशी आणि शिंकांच्या विकाराशी काही संबंध आहे. १९२३ मध्ये अमेरिकेत कोका व कुक यांनी अशा घराण्यात चालणाऱ्या प्रवृत्तीला ‘अॅटोपी’ हा ग्रीक शब्द दिला. त्याचा अर्थ चमत्कारिक, जागेवर न बसणारे. १९३३ मध्ये वाइज आणि सल्झबर्गर यांनी या इसबाला अॅटोपिक डर्माटायटिस म्हटले, आणि तेच नाव आजच्या चिठ्ठीवर दिसते.

या सल्झबर्गरांचे नाव लक्षात ठेवा, कारण उपायांच्या इतिहासात पुढचे पान त्यांचेच. १९४८ मध्ये अमेरिकेत सांधेदुखीच्या एका रुग्णाला कॉर्टिसोन टोचले आणि अंथरुणाला खिळलेले माणूस चालू लागले. १९५० मध्ये त्या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. सर्वांनी तेच त्वचेला चोळून पाहिले, पण मलमात त्याचा उपयोग होईना. १९५२ मध्ये सल्झबर्गर आणि विटेन यांनी त्याचे भावंड हायड्रोकॉर्टिसोन मलमातून लावले, आणि वर्षानुवर्षांचे लाल चट्टे काही दिवसांत निवळले. डांबराची आणि जस्ताची मलमे लावून थकलेल्या डॉक्टरांना ते जादूसारखेच वाटले असणार. पुढच्या वीस वर्षांत कारखान्यांनी त्याहून जहाल मलमे काढली, १९७० नंतर तर कित्येक पटींनी जहाल.

आता माझे घरगुती कारण.

मला लहानपणी इसब होते. लांजा तालुक्यातल्या आमच्या शाळेत मला कडेच्या पट्टीवर एकटे बसवत. कोणाचा दोष म्हणून सांगत नाही; तेव्हा तसेच समजत. आजी रात्री मुठेल लावायची आणि “खाजव नको रे बाबा” म्हणत हातावर हात ठेवून झोपायची. वयात आल्यावर माझे इसब आपोआप ओसरले. बऱ्याच जणांचे तसे होते. पण माझ्या लेकीला सहाव्या महिन्यापासून गालावर तेच सुरू झाले. मी शिकलेला माणूस, तरी काय केले? एका दुकानातून, चिठ्ठी नसताना, ट्यूब आणली. तीन दिवसांत गाल गुळगुळीत. बायको म्हणाली, “बघा, किती पटकन गेलं.” बंद केले की पुन्हा उठायचे, म्हणून पुन्हा लावायचे. असे आठ महिने चालले. मग एक दिवस उजेडात पाहिले तर पोरीच्या गालाची कातडी कागदासारखी पातळ, आतल्या लाल शिरा दिसू लागलेल्या. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब हातात घेतली, नाव वाचले आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत. त्या ट्यूबेत जहाल स्टेरॉइड होते, शिवाय बुरशीचे औषध आणि जंतूंचे औषधही. म्हणजे नायटा असो, खरूज असो, इसब असो, सगळ्यांवर एकच. तीच ती जुनी समजूत, नव्या वेष्टनात!

ही एकट्या माझ्या घरची गोष्ट असती तर सांगितली नसती. देशभर असेच चालले होते, म्हणून मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ प्रकारची स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी ती मिळतात, हे तुम्हीही जाणता. नायट्यावर अशी मिश्र मलमे लावल्याने लाली दबते, पण बुरशी आत पसरतच राहते. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे नेहमीच्या औषधांना न जुमानणारा नायटा फैलावला आहे. त्याच्या बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी नाव दिले, त्यात ‘इंडो’ हा शब्द आहे. देशाचे नाव जगात व्हावे, पण ते अशा रीतीने नव्हे.

आता कोणी म्हणेल, मग स्टेरॉइड नकोच. थांबा. हीही दुसऱ्या टोकाची चूक, आणि ती मी पुढच्या महिन्यात केली. भीतीपोटी सगळेच बंद केले, तेव्हा लेकीचे इसब उसळले, लस वाहू लागली, पोर रात्रभर रडे. डॉक्टरांनी समजावले ते असे. सौम्य मलम, चेहऱ्याला वेगळे, अंगाला वेगळे, सांगितलेले दिवसच, दुखणे उठल्याबरोबर पुरेसे लावायचे. पुरेसे म्हणजे किती, तर मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबेतून जेवढी रेघ बसते तेवढे मलम दोन तळहातांएवढ्या जागेला. दुखणे शमले की काही मुलांना नेहमीच्या जागी आठवड्यातून दोन दिवस लावायला सांगतात. पण हे सारे डॉक्टरांच्या नजरेखाली, दुकानदाराच्या नव्हे.

आणि रोजचे काम मलमाचे नव्हे, तेलकट लेपाचे. इथे आजी पुन्हा आठवते. २००६ मध्ये स्कॉटलंड-आयर्लंडच्या संशोधकांनी दाखवले की इसबाच्या पुष्कळ रोग्यांत त्वचेचे कुंपण बांधणारे एक प्रथिन, फिलाग्रिन, जन्मतःच उणे असते. कुंपणाला भगदाड असले की आतला ओलावा निघून जातो आणि बाहेरचे जंतू, धूळ, साबण आत शिरतात. मग अंग चवताळते, खाज सुटते, खाजवल्याने भगदाड आणखी मोठे होते. म्हणून कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ, कडक साबण टाळायचा, अंग टिपून ओलसर असतानाच तीन-चार मिनिटांत स्निग्ध लेप लावायचा, दिवसातून दोनदा, दुखणे असो वा नसो. साधे व्हॅसलीनही चालते. आपले खोबरेलही टाकाऊ नव्हे. २०१४ मध्ये फिलिपिन्समध्ये ११७ मुलांवर केलेल्या तुलनेत शुद्ध खोबरेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. मोहरीच्या आणि ऑलिव्हच्या तेलाने मात्र कुंपण अधिकच दुबळे होते असे दिसले आहे. करंजेल, कडुलिंबाचा रस, लिंबू, हळद हे उघड्या इसबावर चोळू नका. नायट्यावर ज्यांनी गुण दाखवला त्यांनी इथे चटकाच दिला आहे.

याच्या पुढची औषधे थोडक्यात सांगतो, कारण ती डॉक्टरांनीच निवडायची. चेहरा आणि पापण्या यांसाठी टॅक्रोलिमसचे मलम आहे. १९८४ मध्ये जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या जंतूपासून हे औषध सापडले, आणि त्याने कातडी पातळ होत नाही. पहिले काही दिवस जरा आग होते, एवढेच. मोठ्या माणसांना विशिष्ट किरणांचे शेक देतात. फारच जुनाट असेल तर सायक्लोस्पोरिनसारख्या गोळ्या, त्या रक्ततपासणी करत करत. २०१७ मध्ये अमेरिकेत डुपिलुमॅब या इंजेक्शनाला मान्यता मिळाली, आणि त्यानंतर जॅक-रोधक म्हटल्या जाणाऱ्या गोळ्या आल्या. दोन्हींनी जुनाट रोग्यांना झोप परत दिली. पण त्यांची किंमत ऐकून आपल्याकडच्या पुष्कळ घरांत ती चिठ्ठी घडी करून ठेवली जाते. आणि हो, पथ्याच्या नावाखाली पोराचे दूध, अंडी, मासळी एकदम तोडू नका. थोड्या मुलांनाच एखादा पदार्थ खरोखर बाधतो, आणि तो कोणता हे तपासूनच ठरवावे लागते. नाहीतर इसब जात नाही आणि पोर मात्र वाळते.

शिक्षकांसाठी एक गोष्ट राहिली. वर्गात असे मूल असेल तर त्याला मधल्या पट्टीवर बसवा. खिडकीजवळ बसवलेत तर उत्तम, कारण घामाने खाज वाढते. गणवेशाखाली सुती बनियन घालू द्या. नखे कापलेली आहेत ना, हे आठवड्याला पाहा. मूल वर्गात डुलक्या घेत असेल तर छडी उगारण्यापूर्वी विचारा, रात्री झोप लागली का?

माझी लेक आता दहा वर्षांची आहे. गालाच्या शिरा बऱ्याच पुसट झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत. संध्याकाळी आंघोळ करून आली की आपला लेप आपणच लावते आणि मला ओरडते, “बाबा, पंखा बंद करा, अंग सुकतंय!” आजीचा मुठेलाचा गोळा आमच्या फळीवर अजून असतो. तो लेकीसाठी नाही. दिवाळीनंतर थंडी पडली की माझ्या टाचांना लागतो.